गोल्फचा बॅकस्विंग सारखा बिघडतो? हात वर नेण्याआधीच्या गोष्टी तपासा

बॅकस्विंग म्हणजे बॉल मारण्याआधी क्लब मागे-वर नेणं. आधी लक्षणं पाहा. यातली तीन-चार जुळत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- सेव्हन आयर्नचा (मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबचा) एक बॉल सुरेख उडतो, पुढचा मारताना क्लब आधी जमिनीत बसतो आणि त्याच्या पुढचा टॉप होऊन, म्हणजे वरच्या भागाला क्लब लागून, घरंगळत जातो.
- ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब क्लबचा) बॉल डावीकडे निघतो आणि हवेत उजवीकडे वळतो. जोर वाढवला की वळण आणखी वाढतं.
- बॅकस्विंगच्या टोकाला शाफ्ट (क्लबचा दांडा) खांद्यावर किंवा मानेवर येऊन टेकतो.
- व्हिडिओत स्विंग मोठा दिसतो, पण अंतर मित्रांपेक्षा कमी पडतं.
- मारून झाल्यावर तोल मागे, उजव्या पायावर जातो.
- ग्लोव्हला तळहाताच्या खालच्या गादीपाशी भोक पडतं.
- नऊ होल झाले की कंबर धरते.
- रेंजवर (सरावाच्या मैदानावर) दुरुस्त होतं आणि दोन आठवड्यांत पुन्हा तसंच होतं.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. रेंजवर शिकवताना मला हा दोष इतर कुठल्याही दोषापेक्षा जास्त वेळा दिसतो, आणि तो परत येण्याचं कारण जवळपास प्रत्येक वेळी एकच असतं: माणूस स्विंगच्या वरच्या टोकाची दुरुस्ती करत बसतो. "क्लब फार मागे जातोय, थोडा आधी थांबव," असं कुणीतरी सांगतं, तो थांबवतो, दोन दिवस बरं चालतं. पण बॅकस्विंग वर बिघडत नाही. तो बॉलपाशी उभं राहताना आणि पहिल्या हात-दीड हात अंतरात बिघडतो. वर दिसतो तो त्याचा परिणाम.

दोषाचं नेमकं स्वरूप असं: हात वर जातात, खांदे वळत नाहीत. आपल्याकडे याला एक खास कारण आहे. शनिवार-रविवार गोल्फ खेळणारी आपली बरीच मंडळी आधी क्रिकेट खेळलेली असतात. बॅट उचलताना खांदे फारसे वळवावे लागत नाहीत, मनगट आणि कोपर पुरतं. ती सवय हातात मुरलेली असते, आणि गोल्फचा क्लब हातात आला की तो तसाच उचलला जातो. क्रिकेटमध्ये चेंडू तुमच्याकडे येतो, त्याचा वेग वापरता येतो. इथे ४५.९३ ग्रॅमपर्यंतचा बॉल गवतावर स्थिर पडलेला असतो आणि त्याला लागणारा सगळा वेग तुम्हालाच तयार करायचा असतो. तो वेग अंगाच्या वळण्यातून येतो, हात उंच गेल्याने येत नाही.

शिवाय जेवढं वर उचलाल तेवढं खाली यावं लागतं. डाउनस्विंग, म्हणजे वरून बॉलपर्यंत क्लब आणणं, साधारण पाव सेकंदात उरकतो. तेवढ्या वेळात उचललेले हात, ताठ झालेला पाठीचा कणा आणि सरकलेलं वजन हे सगळं पहिल्या जागी आणणं कुणालाच नेमाने जमत नाही. म्हणून एक शॉट जमिनीत, एक टॉप, एक सुंदर.

खालच्या तपासण्या फुकटपासून खर्चिकपर्यंत अशा क्रमाने आहेत. क्रम सोडू नका. मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

मोबाईलवर दोन व्हिडिओ

यात फक्त वेळ जातो. एक व्हिडिओ समोरून घ्या, म्हणजे कॅमेऱ्याला तुमची छाती दिसेल. दुसरा उजव्या बाजूने, तुमच्या मागून टार्गेटच्या दिशेने. दोन्ही वेळा मोबाईल हातांच्या उंचीवर आणि हलणार नाही असा ठेवा, स्लो मोशन चालू करा. मोबाईल जमिनीवर टेकवून किंवा तिरका धरून घेतलेला व्हिडिओ दिशाभूल करतो. सरळ जाणारा क्लबही त्यात आतून गेल्यासारखा वाटतो.

व्हिडिओ का हवाच? कारण अंगाला जे वाटतं आणि अंग जे करतं यात फार फरक असतो. "मी अर्धाच स्विंग घेतला" म्हणणाऱ्याचा क्लब पडद्यावर पूर्ण मागे गेलेला दिसतो. ही पोस्ट वाचताना प्रत्येक बदलानंतर पुन्हा व्हिडिओ घ्या. बॉल कुठे गेला त्यावरून ठरवू नका, निदान सुरुवातीला तरी नाही.

रबर, ग्लोव्ह आणि पकड

क्लब जिथे धरतो तिथल्या रबरावर अंगठा दाबून फिरवा. घसरतो? मग कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण टाकून जुन्या ब्रशने रबर घासा, पुसा, सावलीत वाळवा. मुंबई-पुण्याच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात बंद बॅगेत पडलेल्या क्लबवर घाम आणि मळाचा थर बसतो. एवढ्याने पकड परत आली तर उत्तम. रबर चकचकीत आणि कडक झालं असेल तर ते बदलावंच लागतं.

हे बॅकस्विंगच्या पोस्टमध्ये का? कारण हाताखाली क्लब घसरतोय हे मेंदूला आधी कळतं. मग तुम्ही तो गच्च आवळता. गच्च आवळलं की हाताचा खालचा भाग आणि खांदे ताठरतात, आणि ताठ खांदे वळत नाहीत. किंवा उलट होतं: टोकाला डाव्या हाताची शेवटची तीन बोटं उघडतात, क्लब मागे पडतो आणि खाली येताना पुन्हा पकडावा लागतो. ज्याला सगळे लांब बॅकस्विंग म्हणतात, तो पुष्कळदा उघडलेल्या बोटांचा खेळ असतो.

आता ग्लोव्हचं भोक. तळहाताच्या गादीपाशी ग्लोव्ह झिजत असेल तर दांडा तळहातातून जातोय. तो बोटांच्या मुळाशी, तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरपा बसायला हवा. तसा धरून खाली पाहिलं की डाव्या हाताच्या मुठीचे दोन, फार तर तीन उंचवटे दिसतात. एकच दिसत असेल तर हात डावीकडे फिरलेला आहे, आणि तुमच्या स्लाईसचा, म्हणजे हवेत उजवीकडे वळणाऱ्या शॉटचा, मोठा भाग तिथेच आहे. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवा, तिच्यात गुंतवा किंवा दहाही बोटं रबरावर ठेवा. बॅकस्विंगसाठी त्याने फार फरक पडत नाही.

नवी पकड पहिले काही दिवस परकी वाटणारच. घरी टीव्ही बघताना क्लब हातात धरून बसा, बॉल न मारता. रेंजवर बॉल समोर दिसला की हात आपोआप जुन्या पकडीत जातात.

उभं राहणं

एक प्रयोग आत्ता, खुर्चीत बसल्या बसल्या करा. पाठ पोक काढून बसा, हात छातीवर आडवे घ्या आणि उजवीकडे वळा. किती वळलात ते लक्षात ठेवा. आता पाठ सरळ करून बसा आणि पुन्हा वळा. बहुतेकांना फरक लगेच कळतो. पाठीचा वरचा भाग वाकलेला असेल तर तो फिरत नाही, ही शरीराची रचना आहे; इच्छाशक्तीने ती बदलत नाही. दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा माणूस बॉलपाशीही तसाच पोक काढून उभा राहतो. खांद्यांना वळायला वाट नाही, मग उरतात हात. ते वर जातात.

म्हणून कंबरेतून नव्हे, खुब्यातून वाका. क्लब पाठीला उभा लावा: डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही शाफ्टला टेकलेले राहून पुढे वाकता आलं पाहिजे. वजन टाचांवर नको, चवड्यांवर नको, तळपायाच्या मध्यावर हवं. हात खांद्यांतून सैल लोंबू द्या आणि जिथे लोंबतात तिथे क्लब धरा. हात पुढे ताणून बॉल गाठावा लागत असेल तर तुम्ही लांब उभे आहात.

पाय किती फाकवायचे? आयर्नसाठी साधारण खांद्याइतके. "भक्कम उभा राहतो" म्हणून काहीजण खूप रुंद उभे राहतात, त्याने खुबे अडकतात. चाळिशीच्या पुढच्या खेळाडूंना मी उजवं पाऊल थोडं बाहेर वळवायला सांगतो. घड्याळात बाराच्या ऐवजी एककडे. एवढ्या एका बदलाने अडलेला खुबा मोकळा झालेला मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

पहिला दीड हात

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. मूळ बिघाड बहुतेकदा इथेच असतो.

मागून घेतलेला व्हिडिओ लावा आणि शाफ्ट जमिनीला समांतर होतो त्या क्षणी थांबवा. क्लबचं डोकं कुठे आहे? ते हातांच्या समोर किंवा किंचित बाहेर दिसायला हवं. आणि क्लबच्या तोंडाची (बॉलला लागणाऱ्या बाजूची) खालची कड साधारण तुमच्या पाठीच्या कलाइतकीच कललेली हवी.

बहुतेक व्हिडिओंत इथेच डोकं हातांच्या मागे, तुमच्या पाठीकडे गेलेलं असतं. मनगटं वळली, क्लब आत ओढला गेला. आता पुढे काय होतं ते पाहा. आत गेलेल्या क्लबला वर जायला नीट वाट उरत नाही, त्यामुळे हात त्याला उभा उचलतात. उचलताना डावा खांदा वळायच्या ऐवजी खाली झुकतो. टोकाला पोचल्यावर क्लब अशा जागी असतो की तिथून बॉलपर्यंत यायचं तर तो बाहेरून फेकावाच लागतो. बाहेरून येणारा मार्ग आणि त्या मार्गाच्या मानाने उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं तोंड, यातूनच स्लाईस होतो. सगळी साखळी पहिल्या दीड हातात सुरू झाली, आणि लोक दुरुस्ती करतात शेवटच्या कडीची.

उपाय साधा आहे. बॉलच्या मागे, टार्गेटच्या रेषेवर, दीडेक फुटावर दुसरा बॉल ठेवा. बॅकस्विंग सुरू करताना क्लबच्या डोक्याने तो बॉल सरळ मागे ढकला. मारू नका, फक्त ढकला. बॉल रेषेवरून मागे घरंगळला तर टेकअवे (बॅकस्विंगचा हा पहिला भाग) ठीक. क्लबचा त्याला स्पर्शच झाला नाही तर तुम्ही लगेच उचलताय. बॉल तुमच्या पायांकडे गेला तर क्लब आत ओढताय.

हे हातांनी करायला जाल तर जमणार नाही. हात, खांदे आणि छाती एकत्र निघायला हवेत. त्यासाठी ड्रायव्हरचं हेडकव्हर (डोक्यावरचं आवरण) डाव्या काखेत धरा आणि अर्धा स्विंग घ्या. हेडकव्हर पडलं की समजा, हात छातीला सोडून एकटेच निघाले. पूर्ण स्विंगला हा प्रयोग करू नका. त्यात ते काही प्रमाणात सैल होतंच.

खांदे, आणि दोन जुने सल्ले

टेकअवे सुधारल्यावरही क्लब उचलला जात असेल तर वळणं तपासा. क्लब खांद्यांवर आडवा धरून, हात त्यावर गुंफून, बॉलपाशी उभे राहता तसे उभे राहा आणि वळा. शाफ्टचं डावं टोक बॉलच्या उजवीकडे, साधारण उजव्या पावलाच्या दिशेने पोचायला हवं. व्यावसायिक खेळाडूंचे खांदे सुमारे ९० अंशांत वळतात, खुबे सुमारे ४५ अंशांत. तुमचे तेवढे वळलेच पाहिजेत असं नाही. पण खांदे जिथे थांबले तिथे हातही थांबले पाहिजेत. हीच माझी बॅकस्विंगच्या लांबीची व्याख्या, आणि ती प्रत्येकासाठी वेगळी आहे.

वळताना कणा त्याच कलात राहतो आणि जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरतो तशी छाती त्याच्याभोवती फिरते. खुबा बाजूला सरकत असेल तर उजव्या खुब्याला जेमतेम लागेल अशी खुर्ची ठेवा. वळताना खुर्ची ढकलली गेली तर तुम्ही सरकताय.

आता ते दोन सल्ले. कोर्सवर प्रत्येक नवख्याला ते ऐकवले जातात आणि दोन्ही नुकसान करतात.

पहिला: "डोकं अजिबात हलवू नकोस." डोकं खिळवून ठेवलं की खांदे वळायला लागताच मान अडते. मग शरीर डावीकडे झुकतं, टोकाला वजन पुढच्या पायावर जातं आणि मारताना मागे. हे नेमकं उलटं आहे, आणि कंबरदुखीचं मोठं कारणही. डोकं थोडंसं उजवीकडे सरकलं, हनुवटी जरा वळली तर काही बिघडत नाही.

दुसरा: "डावा हात ताठ." ताठ नको, लांब हवा. कोपर जरा मऊ राहिलं तरी चालतं. आणि डावी टाच? उचलली गेली तर उचलू द्या. १८ मेजर (गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकणारा जॅक निकलॉस डावी टाच उचलून खेळला. ज्यांचे खुबे आखडलेले आहेत त्यांना टाच जमिनीला चिकटवून ठेवायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

लय आणि मनगट

लयीबद्दल थोडक्यात. चांगल्या खेळाडूंच्या बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो. हिसका देऊन क्लब मागे नेला की तो स्वतःच्या वेगाने पुढे घसरत जातो आणि टोकाला आवरत नाही. मनात "एक, दोन, तीन" म्हणत मागे न्या आणि "चार"ला मारा.

मनगटाची तपासणी मी मुद्दाम उशिरा ठेवली आहे. टोकाला डावं मनगट मागे, हाताच्या पाठीकडे दुमडलेलं असेल तर क्लबचं तोंड उघडतं. तपासायला शाळेतली सहा इंची पट्टी डाव्या ग्लोव्हच्या पट्ट्यात, हाताच्या मागच्या बाजूने खोचा. मनगट दुमडलं की पट्टी टोचते. बहुतेकांचं मनगट पकड आणि टेकअवे सुधारल्यावर आपोआप जाग्यावर येतं. नाही आलं तर एकट्याने त्याच्याशी झुंजू नका. इथून प्रशिक्षक हवा.

अंग किती साथ देतं

खुर्चीत ताठ बसा, गुडघे जुळवा, काठी खांद्यांवर आडवी घ्या आणि दोन्हीकडे वळा. दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंश जमलं तर पाठ पुरेशी मोकळी आहे. खूप कमी पडत असेल, किंवा एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी वळत असाल, तर तुमच्या स्विंगचा दोष मुळात स्विंगचा नाहीच.

अशा वेळी छोटा बॅकस्विंग हीच योग्य दुरुस्ती असते. यात कमीपणा नाही. स्पेनचा व्यावसायिक खेळाडू जॉन राम याच्या उजव्या पायात जन्मतः व्यंग होतं. तो पाय किंचित आखूड आहे आणि घोटा फार हलत नाही. म्हणून त्याने पूर्ण बॅकस्विंगचा हट्ट धरला नाही. त्या आखूड बॅकस्विंगवर त्याने २०२१ची यूएस ओपन आणि २०२३ची मास्टर्स जिंकली. साठीच्या पुढच्या माझ्या बहुतेक खेळाडूंना मी तीन-चतुर्थांश स्विंग देतो. बॉल क्लबच्या मध्यावर लागू लागला की अंतर घटत नाही, पुष्कळदा वाढतंच.

क्लब

खर्च इथे सुरू होतो, म्हणून हे शेवटी. परदेशातल्या नातेवाइकाने दिलेला किंवा जुना विकत घेतलेला सेट अनेकांकडे असतो: जड स्टीलचा शाफ्ट, तोही कडक. तो वाकवायला जोर लागतो आणि जोरासाठी हात उचलले जातात. नवा सेट घेण्याआधी मित्राचा हलका, रेग्युलर शाफ्टचा सेव्हन आयर्न मागून वापरा आणि व्हिडिओ घ्या. व्हिडिओत फरक दिसला तरच फिटिंग, म्हणजे मापाचे क्लब निवडून घेणं, करून घ्या. नाही दिसला तर पैसे वाचले.

कुठे थांबायचं

दुखत असताना सराव करून दोष जात नाही. पुढच्या बाबतींत क्लब ठेवा.

कंबरदुखी पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा कमजोर वाटत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. त्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट पाहू नका.

क्लब जमिनीत जोरात बसल्यानंतर डाव्या तळहातात, करंगळीच्या बाजूला मनगटाजवळ दुखत राहिलं तर ते मुका मार म्हणून सोडू नका. तिथल्या हॅमेट नावाच्या छोट्या हाडाचा आकडा दांड्याच्या टोकाच्या दाबाने मोडू शकतो, आणि साध्या एक्स-रेत तो निसटतो. डॉक्टरांना "गोल्फ खेळताना झालं" हे आवर्जून सांगा.

कोपराच्या आतून किंवा बाहेरून दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर फिजिओथेरपिस्ट. तोवर रेंजच्या मॅटवर मारू नका. मॅटखाली काँक्रीट असेल तर चुकीच्या शॉटचा सगळा हादरा कोपरात जातो, शिवाय क्लब मॅटवरून घसरून बॉलला लागतो आणि बॉलच्या मागे जमिनीवर बसलेला फटका तुम्हाला चांगला वाटतो.

आणि दुखत काहीच नाही, पण महिनाभर क्रमाने सगळं करूनही व्हिडिओत बदल दिसत नाही? मग प्रशिक्षक. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देते, ते आहे का हे विचारायला संकोच करू नका. चांगला प्रशिक्षक आधी तुमची दुखणी विचारतो, मग काही बॉल नुसते पाहतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. पहिल्या दहा मिनिटांत पाच सूचना मिळाल्या तर दुसरा शोधा. जाताना सुरुवातीचे दोन आणि अलीकडचे दोन व्हिडिओ बरोबर न्या, आणि यातलं काय काय करून पाहिलं ते सांगा. पहिला तास त्याने वाचतो.